बॅटरीच्या पोटातील कल्हई

मराठीत एक फार नेमके क्रियापद आहे: कळकणे. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडालेली असावी, त्यात कोणी नकळत ताक किंवा चिंचेची आमटी ठेवावी, आणि दुसऱ्या प्रहरी घरातल्या म्हातारीने वास घेऊन सांगावे, "अगं, कळकलंय ते, टाकून दे." शब्द लहान आहे, पण त्यात रसायनशास्त्राचा एक मोठा धडा भरला आहे. आंबटाने धातू खाल्ला आणि धातूने आंबट नासवले. नुकसान दोघांचेही झाले. ते टळावे म्हणून गावात कल्हईवाला येई. भाता, निखारे, नवसागराची चिमूट, कथलाची कांडी आणि कापसाचा बोळा, एवढीच त्याची सामग्री. कथलाचा तो थर कागदाहूनही पातळ असतो. पण तो मध्ये आला की आंबटाची आणि पितळेची गाठ पडत नाही.

आज मी अशाच एका कल्हईविषयी बोलणार आहे. ती स्वयंपाकघरातली मात्र नाही. ती बॅटरीच्या पोटातली आहे, आणि ती नीट कशी चढवावी या प्रश्नात जगातल्या कितीतरी प्रयोगशाळा आज गुंतलेल्या आहेत.

मी कॉलेजात भूगोल शिकवणारा माणूस. खाणी, धातू आणि ते कोठून कोठे जातात, हा माझा प्रांत. तेव्हा हा विषय मी रसायनाच्या सूत्रांनी न मांडता आपल्या रोजच्या वस्तूंच्या आधाराने मांडणार आहे.

तुम्ही म्हणाल, हा विषय आमच्याकडे कशाला? आपल्या छत्रपती संभाजीनगरातून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतून, जालना रस्त्याने पूर्वेकडे निघाले की चिकलठाणा लागते. तेथे विमानतळ आहे, वेधशाळा आहे आणि जुनी औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतीत कामाला जाणाऱ्या तुमच्या गावच्या मुलाला एकदा विचारून पाहा. तो सांगेल की लोखंडाचा सुटा भाग नुसता घडवून भागत नाही. त्यावर जस्ताचा नाही तर निकेलचा मुलामा चढतो, किंवा रंगाच्या भुकटीचा थर भाजून बसवला जातो, आणि मगच तो गिऱ्हाइकाकडे जातो. धातूला अंगरखा घालण्याची विद्या आपल्या मुलांना अशी हाताने ठाऊक आहे. शिवाय याच जिल्ह्यात बिडकीन येथे विजेवर चालणाऱ्या दुचाकी आणि त्यांच्या बॅटऱ्या जुळविण्याचा मोठा कारखाना काढण्याचे एथर एनर्जी या कंपनीने २०२४ साली जाहीर केले. म्हणजे विषय आपल्या दाराशी आलेला आहे. तो समजून घ्यायला हवा.

प्रथम बॅटरीत होते काय ते पाहू. टॉर्चचा साधा सेल घ्या. वरचा पत्रा काढला की आत जस्ताचा डबा असतो. मध्ये कोळशाची कांडी, आणि भोवती आपण ज्याला मसाला म्हणतो तो काळा लगदा. त्यात मँगनीज डायऑक्साइड असते आणि नवसागर किंवा झिंक क्लोराइड असते. होय, कल्हईवाल्याचाच नवसागर! जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच संशोधकाने १८६६ साली नवसागराच्या पाण्याचा जो विद्युतघट केला, त्याचाच हा सुका वंशज.

बटन दाबले की जस्ताचे अणू आपले इलेक्ट्रॉन सोडून मसाल्यात उतरू लागतात. इलेक्ट्रॉन सोडलेल्या अशा अणूला आयन म्हणतात. सुटलेले इलेक्ट्रॉन तारेने बल्बातून फिरून कोळशाच्या कांडीकडे जातात, आणि त्या फेरीत उजेड पडतो. म्हणजे चुलीत जसे लाकूड खर्ची पडते तसे टॉर्चमध्ये जस्त खर्ची पडते. सेल संपत आला की डब्याला भोके पडतात आणि पांढरा चिकट रस बाहेर येतो, तो याचमुळे.

शिक्षकबंधूंसाठी येथे एक खुलासा केला पाहिजे. जेथे धातू इलेक्ट्रॉन सोडतो त्या बाजूला ॲनोड म्हणतात. विद्युत-विलेपनाच्या धड्यात आपण मुलांना ॲनोड म्हणजे धनाग्र असे शिकवतो. पण वीज देणाऱ्या घटात तीच ॲनोडची बाजू ऋण असते. मुले येथे हमखास गोंधळतात. धन-ऋण पाठ करण्यापेक्षा "इलेक्ट्रॉन कोण सोडतो?" एवढाच प्रश्न त्यांना विचारायला शिकवले, तर गोंधळ उरत नाही.

आता खरी मेख कोठे आहे ती पाहा. ज्या धातूला इलेक्ट्रॉन सोडण्याची घाई अधिक, त्याच्यापासून वीज अधिक मिळते. पण ही घाई बटन बंद केल्याने थांबत नाही. टॉर्च खुंटीला टांगलेली असली तरी आतले जस्त मसाल्यातल्या पाण्याशी गुपचूप झुंजत असते, आणि थोडे थोडे कळकत असते. जो गुण तोच दोष! म्हणून धातूला झाकावे तर वीज मिळत नाही, आणि उघडे ठेवावे तर तो फुकट जातो.

यावर फार जुना एक उपाय होता. १८३० साली विल्यम स्टर्जन या इंग्रजाने जस्ताला पारा चोळला, आणि जस्ताची फुकट झीज पुष्कळ कमी झाली. पुढे शंभराहून अधिक वर्षे सेलमध्ये थोडा पारा घालीत असत. पण पारा हे विष. फेकून दिलेल्या सेलमधून ते मातीत आणि पाण्यात उतरू लागले. तेव्हा गेल्या शतकाच्या अखेरीस कारखानदारांनी पारा काढून टाकला, जस्त अधिक शुद्ध केले आणि त्यात इंडियमसारखे दुसरे धातू अल्प प्रमाणात मिसळले. कथलात स्वस्त शिसे मिसळून कल्हई करणारा माणूस घराला कळकलेल्या ताकापासून वाचवतो आणि त्याहून मोठ्या विषात लोटतो. बॅटरीच्या कल्हईलाही हाच न्याय लागू आहे. नुसता लेप बसला म्हणजे काम झाले असे होत नाही. तो लेप स्वतः काय करतो हेही पाहावे लागते.

साधा सेल एकदा संपला की संपला. पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीचे तसे नाही. तेथे उतरून गेलेला धातू चार्ज करताना परत आपल्या जागी येऊन बसला पाहिजे. आज गेला, उद्या आला, असे शेकडो वेळा. आणि सगळी कटकट या परतण्यातच आहे.

शेताच्या बांधाचे उदाहरण घ्या. पावसाचे पाणी बांधावर सारखे टेकलेले असते तोवर बांध धरतो. पण एखाद्या ठिकाणी उंदराच्या बिळाएवढी घळ पडली, की सारे पाणी तिकडेच धावते. घळ रुंदावते, म्हणून आणखी पाणी येते, आणि आणखी पाणी येते म्हणून घळ आणखी रुंदावते. बॅटरीतही असेच घडते. परत येणारे आयन धातूच्या पृष्ठभागावर सारखे पसरत नाहीत. एखादा बारीक उंचवटा असला की विजेचा ओढा तेथे अधिक होतो, म्हणून आयन तेथे अधिक बसतात, म्हणून उंचवटा आणखी वाढतो. पाहता पाहता धातूला बाभळीसारखे काटे फुटतात. बॅटरीच्या दोन बाजूंमध्ये एक पातळ सच्छिद्र पडदा असतो. काटा तो भोसकून पलीकडे टेकला की आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. लिथियमच्या बॅटरीत भोवतालचा द्राव तेलासारखा जळणारा असतो. पुढे काय होते ते सांगायला नको.

शिवाय वीज देताना काही काटे बुंध्याशीच झिजून तुटतात आणि द्रावात निकामी पडून राहतात. तो धातू असून नसल्यासारखा. दर फेरीला भांडवल थोडे थोडे बुडत जाते.

आता लिथियमची गोष्ट. हा सर्व धातूंत हलका आहे. पाण्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा असल्याने तो तेलावरसुद्धा तरंगतो. इलेक्ट्रॉन सोडण्याची त्याची घाई तर विलक्षण. मोबाइलच्या बॅटरीवर मिलिअँपिअर-तासांचा आकडा लिहिलेला असतो, तो तुम्ही पाहिला असेल. त्याच मापाने बोलायचे तर १ ग्रॅम लिथियमपासून हिशेबाने ३,८६० मिलिअँपिअर-तास मिळू शकतात. जस्ताचा हाच आकडा ८२० आहे. म्हणून १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील एक्सॉन या तेल कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातूची पुन्हा चार्ज होणारी बॅटरी तयार केली. पुढे कॅनडातील मोली एनर्जी या कंपनीने तसल्या बॅटऱ्या बाजारात आणल्या. १९८९ साली जपानमध्ये मोबाइल फोनमधील अशा एका बॅटरीने पेट घेतला, आणि कंपनीला माल परत बोलवावा लागला. काट्यांनी एक उमलता उद्योग बुडवला.

तेव्हा शास्त्रज्ञांनी माघार घेतली, आणि ती माघार शहाणपणाची ठरली. ॲनोडला शुद्ध लिथियम ठेवायचेच नाही. त्याऐवजी कार्बनच्या, म्हणजे पेन्सिलीच्या शिशासारख्या ग्रॅफाइटच्या, पापुद्र्यांमध्ये लिथियमचे आयन पाहुण्यासारखे राहू द्यायचे. जपानच्या अकिरा योशिनो यांनी १९८५ साली कार्बनच्या ॲनोडची अशी बॅटरी जुळवली, आणि १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे ती तीच. व्हिटिंगहॅम, योशिनो आणि जॉन गुडइनफ या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण माघारीची किंमत पडलीच. ग्रॅफाइटचा आकडा ग्रॅममागे ३७२, म्हणजे लिथियम धातूच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. विजेची गाडी एवढी जड का आणि एवढी महाग का, याचे एक उत्तर या आकड्यात आहे.

आणि गंमत अशी की, माघार घेऊनही कल्हई चुकली नाही. दूध तापवून ठेवले की त्यावर आपोआप साय धरते. लिथियम-आयन बॅटरी कारखान्यात पहिल्यांदा चार्ज होते, तेव्हा द्रावाचा थोडा भाग ॲनोडपाशी विघटित होऊन तेथे अशीच एक साय धरतो. ही साय लिथियमच्या आयनांना वाट देते, पण इलेक्ट्रॉनांना आणि द्रावाला अडवते. त्यामुळे पुढचे विघटन थांबते. इस्रायलचे इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ साली या थराचे कार्य स्पष्ट केले. तुमचा मोबाइल तीन-चार वर्षे चालतो तो या डोळ्यांना न दिसणाऱ्या सायीच्या जिवावर.

पण साय ही साय आहे. उष्णतेने ती जाड होते, तडकते, पुन्हा धरते, आणि प्रत्येक वेळी थोडे लिथियम आणि थोडा द्राव खाते. बॅटरीच्या आतले तापमान साधारण ९० अंशांच्या पुढे गेले तर ती विरघळूनच जाऊ लागते, आणि त्या विघटनाने आणखी उष्णता सुटते. आता आपल्याकडचे हवामान डोळ्यांपुढे आणा. शहराचे तापमान म्हणून वर्तमानपत्रात छापून येतो तो आकडा चिकलठाण्याच्या वेधशाळेतला असतो. मे महिन्यात तो चाळिशी ओलांडतो. शिवाय वेधशाळेचे तापमापक सावलीत, हवेशीर पेटीत असते. पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत काय होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. थंड मुलखात लिहिलेले बॅटरीचे आयुष्य मराठवाड्यात तंतोतंत मिळेलच असे नाही.

म्हणून आज शास्त्रज्ञ विचारतात: आपोआप धरणाऱ्या सायीवर विसंबून का राहावे? विचारपूर्वक निवडलेली, मोजून चढवलेली कल्हई का करू नये? तशी जमली तर माघार सोडून पुन्हा धातूकडे जाता येईल, आणि तेवढ्याच वजनात कितीतरी अधिक वीज साठवता येईल.

अशा लेपाला चार कसोट्यांना उतरावे लागते. पहिली कसोटी चाळणीची. त्याने आयनांना सोडावे आणि इलेक्ट्रॉनांना व द्रावाला अडवावे. कल्हईवाल्याच्या कथलापेक्षा हे काम अवघड आहे. कथलाला फक्त अडवायचे असते, याला अडवायचेही असते आणि सोडायचेही असते. दुसरी कसोटी लवचिकपणाची. चार्ज होताना धातू फुगतो, वीज देताना बसतो. लेप काचेसारखा ठिसूळ असेल तर तडकतो, आणि तड गेली की घळ पडलीच. लोण्यासारखा मऊ असेल तर काटे त्याला जुमानत नाहीत. तिसरी कसोटी पातळपणाची. लेप जाड झाला तर आयनांची वाट लांबते आणि वीज मंदावते. चौथी कसोटी गिऱ्हाइकाची. प्रयोगशाळेत नखाएवढ्या तुकड्यावर जमलेला लेप कारखान्यात मैलोगणती पत्र्यावर सारखा आणि स्वस्तात बसला पाहिजे. पुष्कळ उत्तम लेप या चौथ्या कसोटीवर नापास होतात.

प्रयत्न किती तऱ्हांचे आहेत पाहा. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९० नंतर जॉन बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम, फॉस्फरस, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांचा काचेसारखा पातळ थर तयार केला. लिथियम धातू त्याच्या संगतीत पुष्कळ शांत राहतो, आणि लहानशा बॅटऱ्यांत तो उत्तम चालला. २०१५ साली मेरीलंड विद्यापीठातील संशोधकांनी लिथियमवर ॲल्युमिनाचा अवघा १४ नॅनोमीटर जाडीचा थर दिला. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी याच्या हजारो पट असते. हा थर अणूंची एकेक ओळ मांडत चढवतात, आणि ती रीत फिनलंडच्या तुओमो सुंटोला यांनी १९७० नंतरच्या दशकात बसवली. २०२० साली सॅमसंगच्या संशोधकांनी चांदी आणि कार्बन यांचा सुमारे ५ मायक्रॉनचा थर वापरला. द्रावाऐवजी घन पदार्थ घातलेल्या त्यांच्या बॅटरीत लिथियम या थराखाली सारखे पसरून बसले, आणि ती बॅटरी हजारावर फेऱ्या टिकली.

आणि हे सारे लेप परदेशी, महाग आणि आपल्या आवाक्याबाहेरचे, असे कोणी समजू नये. जस्ताकडे पाहा. वजनाच्या हिशेबात जस्त लिथियमच्या मागे आहे. पण जागेच्या हिशेबात घनसेंटिमीटरमागे लिथियमचे सुमारे २,०६० मिलिअँपिअर-तास, तर जस्ताचे सुमारे ५,८५०. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जस्ताच्या बॅटरीत पाण्याचा द्राव चालतो, आणि पाणी पेट घेत नाही. मात्र तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी असते. म्हणून गाडीत किंवा मोबाइलमध्ये ती लिथियमची जागा घेईल असे नाही. पण गावच्या सबस्टेशनशेजारी, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या खोलीत, जेथे वजनाची फिकीर नाही आणि आगीची फार आहे, तेथे ती शोभेल. अडचण एकच: जस्तालाही काटे फुटतात आणि तेही पाण्यात कळकते.

त्यावर संशोधकांनी कशाचे लेप दिले असतील? २०१८ साली चीनमधील संशोधकांनी कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे आपल्या चुनखडीच्याच द्रव्याचा, अतिसूक्ष्म छिद्रांचा लेप दिला आणि जस्त अधिक सारखे बसू लागले. २०२० साली केओलिनचा, म्हणजे चिनी मातीचा, लेप प्रसिद्ध झाला. मातीच्या कणांमधल्या बारीक वाटांनी आयन विखरून येतात, एका जागी गर्दी करीत नाहीत. उताराचे पाणी समपातळी बांधाने अडवून सारखे पसरवावे, तसेच हे. ज्या गावाच्या नावातच चिखलाची आठवण आहे, त्या चिकलठाण्याच्या लोकांना तरी मातीच्या लेपाचे नवल वाटू नये!

जस्ताला मातीचा लेप लावण्याची कला तर आपल्या शेजारी शतकानुशतके चालत आली आहे. औरंगाबादप्रमाणे बीदरही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. तेथल्या बिदरी कामाची भांडी तुम्ही पाहिली असतील. काळीभोर सुरई आणि तिच्यावर चांदीची वेल. ते भांडे मुळात जस्ताचे असते, त्यात तांबे थोडे. कारागीर बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात कालवून तापवतो आणि त्यात भांडे बुडवतो. जस्ताच्या अंगावर काळा थर धरतो, चांदी पांढरीच राहते. पाहा, नवसागर येथेही आला. कल्हईवाला, बिदरी कारागीर आणि टॉर्चचा सेल, तिघांच्याही पिशवीत तो आहे. बिदरीचा थर शोभेचा आणि बॅटरीचा थर कामाचा, हे मला ठाऊक आहे. दोहोंची बरोबरी मी करीत नाही. पण धातूच्या कातडीवर हुकमत मिळवणे ही विद्या या मातीला नवी नाही, एवढे म्हणायला हरकत नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर येथे मध्ययुगात मातीच्या मुशींतून जस्ताची वाफ थंड करून शुद्ध जस्त काढीत. ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने तसल्या कामाचे पेटंट घेतले ते १७३८ साली, म्हणजे पुष्कळ नंतर. आजही भारताचे जस्त मुख्यतः राजस्थानातूनच येते, आणि लिथियम मात्र आपण बाहेरून आणतो. भूगोलाच्या माणसाला या फरकाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

महाराष्ट्रातही हालचाल आहे. पुण्याच्या केपीआयटी या कंपनीने आयसर या संस्थेच्या सहकार्याने सोडियम-आयन बॅटरीचे तंत्र तयार केल्याचे डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. सोडियम आपल्या मिठातले. त्याचाही ॲनोड कार्बनचा, आणि त्यालाही तीच साय लागते. धातू बदलला तरी प्रश्न बदलत नाही.

हे सारे ऐकून कोणी उद्याच बाजारात जाऊन "लेपाची बॅटरी द्या" म्हणू नका. धातूच्या ॲनोडवर मोजून चढवलेला लेप अजून बव्हंशी प्रयोगशाळेत आणि छोट्या उत्पादनात आहे. कोणी फेरीवाला तसे सांगून जुन्या सेलची जुळवलेली पेटी गळ्यात मारू लागला, तर त्याला नमस्कार करा. २०२२ साली देशात काही विजेच्या दुचाकींनी पेट घेतला. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे नियम अधिक कडक केले, आणि ते डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. गाडी घेताना बॅटरी त्या नियमांना उतरली आहे का, एवढे विचारण्याचा तुमचा हक्क आहे.

आज घरात आहे त्या बॅटरीची साय जपणे मात्र तुमच्या हातात आहे. मोबाइल, फवारणी पंप किंवा गाडी उन्हात ठेवून चार्ज करू नका. रानातून तापून आलेली बॅटरी आधी सावलीत निवू द्या. लिथियमची बॅटरी दिवसचे दिवस पूर्ण भरून उष्ण जागी ठेवू नका. इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीचे नेमके उलटे आहे. ती रिकामी ठेवली तर बिघडते, म्हणून ती भरलेलीच ठेवा. फुगलेली बॅटरी म्हणजे आत वायू साठलेला आहे. ती दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका. संपलेल्या बॅटऱ्या उकिरड्यावर, विहिरीत किंवा चुलीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे त्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून त्या दुकानदाराकडे परत द्या.

आता शिक्षकांसाठी एक प्रयोग. काटे कसे फुटतात ते मुलांना डोळ्यांनी दाखवता येते. कृषी सेवा केंद्रात झिंक सल्फेट मिळते, तेच आपण पिकाला घालतो. ते कपभर पाण्यात दोन-तीन चमचे विरघळवून गाळून घ्या आणि उथळ काचेच्या बशीत ओता. कुंपणाची जस्ताचा मुलामा असलेली तार गोल वळवून बशीच्या कडेने ठेवा. मधोमध पेन्सिलीच्या शिशाचे टोक द्रावाला जेमतेम टेकेल असे बांधा. टॉर्चचे चार सेल एकापुढे एक जोडून धन टोक तारेला आणि ऋण टोक पेन्सिलीला लावा. भिंतीतली वीज चुकूनही वापरू नका, आणि प्रयोगानंतर हात धुवायला लावा. थोड्या वेळात पेन्सिलीच्या टोकापासून करड्या रंगाची, नेच्याच्या पानासारखी नक्षी फुटू लागते. हेच ते काटे. मग एकच सेल लावून पाहा. वाढ मंदावते. झटपट चार्ज करण्याच्या हव्यासाने काटे का वाढतात, हे मुलांना न सांगताच कळेल. मात्र मोबाइलची बॅटरी कोणालाही उघडू देऊ नका.

श्रोते हो, अधिक देणारा धातू अधिक झिजणाराही असतो. त्याला कुलूप लावून ठेवले तर तो देत नाही, आणि मोकळा सोडला तर स्वतः नासतो व घराला आग लावतो. त्याच्या अंगावर योग्य तो लेप चढला, तरच तो वर्षानुवर्षे देत राहतो. तो लेप कोणत्या द्रव्याचा असेल ते अजून ठरायचे आहे. कदाचित तो चांदीचा असेल, कदाचित चुन्याचा किंवा मातीचा. आणि तो ठरविणाऱ्यांत, तो मैलोगणती पत्र्यावर सारखा चढवून दाखविणाऱ्यांत, आज तुमच्या वर्गात बशीतली करडी पाने पाहणारा एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी असायला कोणती अडचण आहे? मला तरी ती दिसत नाही.